पोथी एक, थांबे ज्याचे त्याचे

पैठण तालुक्यातल्या एखाद्या गावात सप्ताह बसतो. सकाळी मंडपात ज्ञानेश्वरीचं पारायण सुरू होतं. पाटावर पोथी आणि पोथीपुढे माणूस, अशा रांगाच्या रांगा. व्यासपीठावरून सूर धरला जातो आणि सगळे एका चालीत ओव्या वाचू लागतात. कोणी पुढे पळत नाही, कोणी मागे रेंगाळत नाही. पानंसुद्धा बहुतेक एकाच वेळी उलटतात. बारावा अध्याय येतो. माणसाने कसं व्हावं हे सांगताना ज्ञानेश्वर पाण्याचा दृष्टान्त देतात : माळी जिकडे वळवील तिकडे पाणी निमूट जातं, तसं व्हावं.

समजा, या मंडपात तिघंजण आहेत. एकाने आदल्या रात्री कालव्याच्या पाळीला दारं धरली आहेत. पाणी वळवता वळवता त्याचे पाय चिखलात कुजले आहेत. पाणी वाटतं तितकं निमूट नसतं, संधी मिळाली की बांध फोडून पळतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. बायकांच्या रांगेत एक म्हातारी आहे. माहेराहून सासरी, सासरहून लेकाच्या गावी, जिकडे वळवलं तिकडे ती गेली. तिच्या लेखी ते पाणी म्हणजे ती स्वतःच. तिसरा कॉलेजात शिकणारा मुलगा. त्याच्या गावात उन्हाळाभर टँकर येतो. त्याच्या आठवणीतलं पाणी वाहत नाही, ते हंड्यात भरून ठेवायचं असतं.

ओवी एक, आवाज एक, घटका एक. तरी तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. मग प्रश्न पडतो : वाचणाऱ्याचा अनुभव खरोखर त्याच्या एकट्याचा असतो का? तो दुसऱ्या कोणाला जसाच्या तसा येऊच शकत नाही का? आणि तसं असेल, तर आपण सगळ्यांनी 'एकच पुस्तक वाचलं' असं कशाच्या जोरावर म्हणतो?

उत्तर शोधायचं तर वाचन नेमकं कसं घडतं, हे एकेक पायरी उतरून पाहावं लागेल.

पहिली पायरी : डोळा टोकण करतो

वाचताना नजर ओळीवरून पाण्यासारखी सरकत जाते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती सरकी टोकणाऱ्या बाईसारखी चालते. बाई सरीतून जाते, ठरावीक अंतरावर थांबते, बी टाकते, माती लोटते आणि पुढचं पाऊल टाकते. सगळी सरी ती बियांनी भरत नाही. डोळाही तसाच एका जागी थांबतो, टिपतो आणि उडी मारतो. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. उडी चालू असताना डोळ्याला जवळजवळ काही दिसत नाही.

याचं कारण डोळ्याच्या घडणीत आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला एका वेळी अगदी लख्ख दिसतं, बाकीचं धूसर. म्हणून डोळ्याला ओळीवर जागोजागी उतरावं लागतं. सराव असलेला वाचक लहान, ओळखीचे शब्द ओलांडून जातो. अडखळला तर माघारी येतो. एकाच तालात वाचणाऱ्या मंडपातही आवाज तेवढा एक असतो. नजर आवाजाच्या थोडी पुढे धावत असते आणि प्रत्येकाची आपापल्या जागी उतरते.

हा फरक लहान आहे. एकाच सरीतून दोन बाया गेल्या, तर पावलं वेगळी पडतात, पण पीक एकच येतं. मोठा फरक पुढच्या पायरीवर पडतो.

दुसरी पायरी : भाकरी कोणत्या धान्याची?

लेखकाने लिहिलं, 'भाकरी'. तीन अक्षरं. त्या अक्षरांत धान्य नाही, तवा नाही, धूर नाही. मराठवाड्यातला वाचक ती वाचतो आणि ज्वारीची भाकरी समोर येते. कोकणातल्या वाचकापुढे तांदळाची येते. शहरात वाढलेल्या कोणाला हुरडा पार्टीत खाल्लेली आठवते, तर कोणाला दुष्काळात वाटून खाल्लेली चतकोर. शब्द दारावर टकटक करतो. दार उघडून बाहेर कोण येणार, हे आत राहणाऱ्यांवर ठरतं.

आपण जगलेल्या गोष्टी मनात सुट्या पडून राहत नाहीत. त्यांचे साचे बनतात : लग्नाचा साचा, दवाखान्याचा साचा, पावसाळ्याचा साचा. नवं वाक्य आलं की मन ते जवळच्या साच्यात ओतून पाहतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हे प्रयोगाने दाखवून दिलं. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. कथेतल्या डोंग्या लोकांच्या आठवणीत साध्या होड्या झाल्या. जे प्रसंग त्यांना चमत्कारिक वाटले ते गळले, किंवा त्यांना पटेल असं कारण जोडलं गेलं. कोणीही मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या साच्यात बसलेली कथाच जपून ठेवली होती.

शब्द वाचल्यावर मनात चित्र उमटतं, हेसुद्धा सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. अशी माणसं कादंबऱ्या वाचतात, त्यात रमतात, रडतातही, पण डोळे मिटल्यावर त्यांना नायिकेचा चेहरा दिसत नाही. एकाच घरातल्या दोन भावांचं वाचनही इतकं वेगळं असू शकतं, आणि त्यांना ते वर्षानुवर्षं कळत नाही.

तिसरी पायरी : ताणा मजकुराचा, बाणा वाचकाचा

पैठणीचा माग पाहिला असेल तर ही पायरी चटकन समजेल. मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात. तो ताणा. मग आडवा धागा एकेका उभ्या धाग्याच्या वरून आणि खालून नेतात. तो बाणा. पदरावरचा मोर किंवा कमळ उमटतं ते या आडव्या, रंगीत धाग्यांमधून. ताणा मात्र आधीच ठरलेला असतो : रुंदी इतकी, लांबी इतकी.

मजकूर हा ताणा आहे. त्यात फटी असतात आणि त्या असाव्याच लागतात. ही दोन वाक्यं पाहा : 'आईने पत्र वाचलं. मग घडी घालून ते डब्याच्या तळाशी ठेवलं.' पत्र कोणाचं होतं? बातमी चांगली की वाईट? तळाशी का ठेवलं, जपण्यासाठी की लपवण्यासाठी? लेखकाने काही सांगितलेलं नाही. तरी वाचताना तुमच्या मनात काहीतरी ठरून गेलं. जर्मन समीक्षक वोल्फगांग ईझर यांनी १९७० च्या दशकात याच रिकाम्या जागांवर बोट ठेवलं. त्यांच्या मते पुस्तक नुसतं कपाटात असतं तेव्हा ते अर्धवट असतं. वाचक या जागा भरतो, तेव्हा कुठे त्याची साहित्यकृती होते.

आता थोडा हिशेब करू. एका कथेत अशा १० जागा आहेत आणि प्रत्येक जागा फक्त ३ प्रकारे भरता येते, असं धरा. एकूण किती वेगळी वाचनं होतील? ५९,०४९. जागा २० धरल्या तर आकडा ३४८ कोटींच्या वर जातो. खऱ्या वाचनात या जागा एकमेकींपासून सुट्या नसतात. पत्र लपवलं असं एकदा वाटलं, की पुढचं बरंच त्या रंगाने रंगतं. म्हणून हा आकडा काटेकोर मोजमाप नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. तुमची एकही आठवण जगावेगळी नसेल, तरी तुमची गुंफण जगावेगळी असू शकते. धागे सगळे बाजारात मिळणारे, वीण मात्र ज्याच्या त्याच्या हातची.

आणि बाण्याला ताण्याबाहेर जाता येत नाही. आईने पत्र वाचलं असं लिहिलेलं असताना 'तिने ते न वाचताच जाळलं' असं कोणी म्हणालं, तर ते वेगळं वाचन ठरत नाही. तिथे वीणच सुटलेली असते.

चौथी पायरी : तुम्ही कोण म्हणून वाचता?

अमेरिकेत रिचर्ड अँडरसन आणि जेम्स पिचर्ट यांनी १९७० च्या दशकात एक साधा आणि सुंदर प्रयोग केला. शाळा बुडवून दोन मुलं एकाच्या घरी जातात, त्या घराचं वर्णन असलेला उतारा त्यांनी लोकांना दिला. काहींना सांगितलं, चोराच्या नजरेने वाचा. काहींना सांगितलं, घर विकत घेणाऱ्याच्या नजरेने वाचा. चोर झालेल्यांना किमती वस्तू जास्त आठवल्या आणि गिऱ्हाईक झालेल्यांना गळकं छप्पर. खरी गंमत पुढे आहे. नंतर त्यांना भूमिका बदलायला सांगितली, उतारा मात्र पुन्हा दाखवला नाही. तरी आधी न आठवलेल्या काही गोष्टी आता आठवल्या! म्हणजे त्या वाचल्या गेल्या होत्या, मनात कुठेतरी पडूनही होत्या, फक्त त्यांना हाक मारणारं कोणी नव्हतं.

२०१७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच प्रश्नाचा माग मेंदूत घेतला. दोन गटांना एकच कथा ऐकवली. एका गटाला आधी सांगितलं की कथेतल्या नवऱ्याची बायको त्याला फसवते आहे. दुसऱ्या गटाला सांगितलं की नवराच उगाच संशय घेतो आहे. कथा चालू असताना मेंदूच्या हालचाली नोंदवल्या. अर्थ लावण्याशी संबंधित भागांत एकाच समजुतीने ऐकणाऱ्यांच्या नोंदी एकमेकांशी जास्त जुळल्या आणि दुसऱ्या गटाशी कमी.

हे निष्कर्ष दुधारी आहेत. समजूत बदलली की अनुभव बदलतो, हे त्यांतून दिसतं. आणि समजूत एक असली की अनोळखी माणसांचे अनुभवही जवळ येतात, हेही दिसतं. वाचक एकटा असतो, पण तो कुठल्या ना कुठल्या गोतावळ्यातून आलेला असतो.

काश्मीरमधलं जुनं उत्तर

हा प्रश्न आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी बारकाईने हाताळला गेला होता. अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये मम्मटाने 'काव्यप्रकाश' हा ग्रंथ लिहिला. त्यात तो 'सूर्य मावळला' एवढ्या एका वाक्याचं उदाहरण घेतो. शब्दाचा सरळ अर्थ सगळ्यांसाठी एकच आहे. पण गुराख्याला त्यातून ऐकू येतं की गुरं आवरायला हवीत. कामकऱ्याला वाटतं, आता सुटी. प्रियकराच्या भेटीला निघालेलीला वाटतं, वेळ झाली. सरळ अर्थ ठरलेला असतो आणि सूचित अर्थ ऐकणाऱ्यावर, सांगणाऱ्यावर आणि प्रसंगावर बदलतो. आपल्या ताण्याबाण्याचीच ही गोष्ट.

त्याच्याआधी काश्मीरमध्येच अभिनवगुप्ताने दुसरी बाजू मांडली होती. वाचकाच्या मनात जुने संस्कार नसतील, तर रस उमलणारच नाही, हे त्याला मान्य आहे. पण नाटक किंवा काव्य खरं भिडतं, तेव्हा 'हे माझं दुःख' आणि 'हे परक्याचं दुःख' ही कुंपणं काही काळ पडतात. याला 'साधारणीकरण' म्हणतात, म्हणजे एकाचं सगळ्यांचं होणं. म्हणूनच मंडपात एखाद्या ओवीला प्रत्येकजण आपल्या कारणाने गहिवरतो, पण शांतता सगळ्यांवर एकदम उतरते.

सातशे श्लोक, चार वाचक

मराठी मुलखात या सगळ्याचा भला मोठा पुरावा आहे. भगवद्गीतेचे श्लोक ७००. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ते वाचले आणि सुमारे ९,००० ओव्या झाल्या. त्यांत भक्ती आणि अद्वैत एकमेकांत विरघळले आहेत. सहाशे वर्षांनी मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी तीच गीता वाचली आणि १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध झालं. टिळकांना गीतेत कर्मयोग दिसला : संसारात राहून निष्काम बुद्धीने कर्म करत राहणं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तिथे गीता रोजच्या जगण्यातली चित्तशुद्धी होऊन येते. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात, याच गीतेची परखड चिकित्सा केली. बौद्ध क्रांतीनंतर चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार देणारा ग्रंथ म्हणून त्यांनी ती वाचली.

योगी, राजकीय कैदी, सत्याग्रही आणि जातिव्यवस्थेचे चटके सोसलेला विद्वान. चौघांच्या आयुष्याने चार वेगळे बाणे पुरवले. पण चौघंही अर्जुनाला रणांगणावरच उभा पाहतात आणि चौघंही आपल्या म्हणण्याचा आधार त्याच श्लोकांत दाखवतात. म्हणून त्यांची तुलना करता येते, त्यांच्याशी वाद घालता येतो. प्रत्येकाने मनाला येईल ती गीता रचली असती, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

ज्यांना थांबाच सापडत नव्हता

बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्याच्या परिसरात, नागसेनवनात, शिकायला आलेली कित्येक मुलं घराण्यातली पहिलीच शिकणारी होती. त्यांच्या हातात पडलेल्या मराठी पुस्तकांतलं घर, अंगण, सणवार आणि स्वयंपाकघर बहुतेक वेळा त्यांचं नव्हतं. लेखकाने रिकाम्या सोडलेल्या जागा वाचक आपोआप भरील, असं गृहीत धरलेलं होतं. पण तो वाचक म्हणजे ही मुलं नव्हती. ताणा होता, पण त्यांच्याकडचा धागा त्यावर बसत नव्हता.

अशा वाचकाने काय करायचं? या शहराने त्याचं उत्तर दिलं. मिलिंदचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे लक्ष वेधलं आणि आपल्या जगण्यातून लिहिण्याचा आग्रह धरला. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक दीर्घकाळ चालवलं. त्याच्या मेळाव्यांचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे : लेखक-वाचक मेळावा. वाचक म्हणून जे अंतर जाणवलं, त्यातूनच लेखक घडत होते. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन आलं, तेव्हा एका वाचकाला त्यात कधी न पाहिलेलं जग दिसलं आणि दुसऱ्याला स्वतःची गल्ली. एकाच पुस्तकाने एकाला खिडकी दिली आणि दुसऱ्याला आरसा. अनुभव वेगळा असणं हा काही नुसता आवडीनिवडीचा मामला नाही. पुस्तकाने कोणाला आत घेतलं आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, हेही त्यातून कळतं.

> थोडक्यात
> - नजर थांबत आणि उड्या घेत वाचते. प्रत्येकाचे थांबे थोडे वेगळे असतात.
> - शब्द वाचकाच्या आठवणींचे साचे जागे करतो. भाकरी ज्याच्या त्याच्या घरची असते.
> - मजकुरातल्या रिकाम्या जागा वाचक भरतो. धागे सामाईक असले तरी वीण ज्याची त्याची.
> - समजूत आणि गोतावळा एक असला की अनुभव जवळ येतात.
> - वाचन मजकुराच्या ताण्याबाहेर गेलं की ते वाचन राहत नाही.

नाथांनी आखलेली हद्द

आता पुन्हा पैठणला येऊ. ज्ञानेश्वरी लिहून जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. हाताने नकला होत होत पोथ्या घरोघर पोचल्या होत्या. नकलताना कोणाचा शब्द चुकला, कोणी कठीण शब्दाच्या जागी सोपा घातला, कोणाला भरून आलं म्हणून त्याने आपली एखादी ओवी मध्येच बसवून दिली. प्रत्येक वाचकाचा अनुभव पोथीतच मिसळत चालला होता. पैठणच्या एकनाथांनी ठिकठिकाणच्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला. यापुढे कोणी ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालू नये, असंही त्यांनी कडक शब्दांत बजावलं. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो, ती या कामाची आठवण आहे.

नाथ वाचकाच्या अनुभवाच्या विरोधात होते, असं यावरून कोणी समजू नये. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनी आपल्या अनुभवाने भरलेली प्रचंड टीका लिहिली. ती 'एकनाथी भागवत' या नावाने घरोघर वाचली जाते. आणि भारुडं लिहिताना तर त्यांनी दोन मजली घरच बांधलं. विंचवाच्या भारुडाला लहान मूल खदखदून हसतं. शेतात खरोखर विंचू चावलेल्याला ती कळ आठवते. म्हाताऱ्या माणसाला त्यात काम-क्रोध दिसतात. आणि लहानपणी हसलेलं मूलच साठ वर्षांनी म्हातारं होऊन ते ऐकतं, तेव्हा त्याचाच जुना अनुभव त्याला परत मिळत नाही, नवा मिळतो. हे सगळे अर्थ आपापल्या जागी यावेत म्हणून नाथांनी मुद्दाम दारं उघडी ठेवली.

म्हणजे एकाच माणसाने दोन कामं केली. पाठ सगळ्यांसाठी एक राखला आणि अनुभव ज्याचा त्याला मोकळा सोडला. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. ती एकमेकांवर उभी आहेत. दारं धरणारा शेतकरी, म्हातारी आणि कॉलेजचा मुलगा, तिघांच्या मनातलं पाणी वेगळं आहे हे आपल्याला कळलं, कारण तिघांच्या पाटावरची ओवी अक्षरन्‌अक्षर एकच होती. तिघांनी आपापली ओवी घातली असती, तर पोथ्या तीन झाल्या असत्या आणि वेगळेपण पाहायला काही उरलं नसतं.

म्हणून वाचकाचा अनुभव त्याचा एकट्याचा असतो का, या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असं आहे. तो त्याच्या एकट्याचा होतो तो सगळ्यांच्या सामाईक मजकुराच्या आधारावर. तो दुसऱ्याला जसाच्या तसा देता येत नाही, पण सांगता येतो. पारायण संपून पंगत बसली की शेजाऱ्याला एवढंच विचारावं : आज तुम्ही कुठल्या ओवीला थांबलात? तो सांगेल ती ओवी तुम्हीही सकाळीच वाचलेली असेल. घरी गेल्यावर ती पुन्हा उघडून पाहा. अक्षरं तीच असतील, पण या वेळी तिथे तुमची नजर थांबेल.